गहू सोडला आणि पेढ्याने छळलं

गहू बंद करायचा म्हटल्यावर लोकांना पहिली काळजी पोळीची, की आता ही बाई खाणार काय, डब्यात काय नेणार, पण गोडाचं नाव निघालं की सगळे एकदम निर्धास्त होतात. मिठाईत कुठे गहू असतो गं, पेढा खा, बर्फी खा, कलाकंद खा, इंदूरमधे राहून गोडाची काय चिंता. कागदावर हिशोब बरोबरच आहे. खवा दुधाचा, साखर उसाची, काजूकतली काजूची, यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं ते चिकट प्रोटीन, शोधायला गेलं तरी सापडणार नाही. आणि तरीही ग्लुटेन सोडल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत माझं पोट सगळ्यात जास्त कशाने बिघडलं असेल तर या बिनगव्हाच्या गोडानेच. पोळी सुटल्याचा त्रास फारसा नाही झाला, भाकरी जमली, भात तर होताच. पेढ्याने मात्र रडवलं. ज्यांच्या घरात नुकतंच सिलियाकचं (ग्लुटेनने आतडं झिजतं तो आजार) निदान झालंय त्यांच्यासाठी हे एवढं लांबलचक लिहितेय, बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, कारण पाहुणी म्हणून माझ्यासारखी कोणी आली तर तिच्यापुढे काय ठेवायचं ते तरी कळेल.

थोडक्यात सांगायचं तर मला सिलियाक निघाला. पोट वगैरे काही विशेष दुखत नव्हतं, नुसतं हिमोग्लोबिन वर यायचं नाव घेत नव्हतं, लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन दात काळे व्हायची वेळ आली, बीट, डाळिंब, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली भाजी, सगळं झालं. मग एका डॉक्टरांनी याच आजारासाठीची रक्तातली टीटीजी नावाची टेस्ट सांगितली, ती बरीच वर आली, मग एंडोस्कोपी आणि बायोप्सी, आणि मग ते वाक्य: गहू, जव आणि राय जन्मभर बंद. राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) आपल्याकडे कोण खातंय, जव पण बोर्नविटासारख्या माल्टवाल्या डब्यात किंवा बिअरमधे, पण गहू? माळव्यात? जिथे पाहुणा आला की दाल-बाफले आणि रविवार आला की घरी पुऱ्या? उत्तर भारतात झालेल्या पाहणीत साधारण शंभरातल्या एकाला हा आजार सापडलाय, म्हणजे आपल्या एका कॉलनीत दोन-चार जण सहज असतील, फक्त त्यांना माहीत नसेल.

तर गोडातलं काय काय गेलं ते आधी बघा. पोह्यांबरोबरची जलेबी गेली, हे इंदूरच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. बालूशाही, घेवर, मालपुआ, सोनपापडी (तिच्यात बेसनाबरोबर मैदा असतो). गुलाबजाम आणि मावाबाटी, कारण खव्याला धरून ठेवायला मैदा लागतोच. घरचं म्हणाल तर पुरणपोळी, गुळाची पोळी, करंजी, चिरोटे, शंकरपाळी, रव्याचे लाडू. आणि शिरा! रवा म्हणजे गहूच हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की आता झोपेतही सांगेन. सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही कसं म्हणायचं हा एक वेगळाच गुंता, आमच्या लोकमान्यनगरकडच्या एका ओळखीच्या काकूंनी तर चिमूटभर प्रसादाने काय होतंय, देवाचं आहे, असं म्हणून द्रोण हातातच ठेवला. मी तो कपाळाला लावून नवऱ्याच्या हातात दिला. देवाला कळलं असणार, काकूंना नाही कळलं.

उरलं काय? तर उपासाचं. हा शोध लागल्यावर मी खरंच खूश झाले होते. आपल्या उपासाला चालणारं जवळजवळ सगळं बिनगव्हाचं असतं, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, वरई, रताळं, आणि इंदूरमधे फरियाली मिठाईचा तर वेगळा कप्पाच असतो दुकानात. त्यात मावा-जलेबी मिळते, बुऱ्हाणपूरकडची, खवा आणि आरारूट घालून केलेली, गडद तपकिरी, जाडजूड, दिसायला साध्या जलेबीची थोरली बहीण. दुकानदाराला चार वेळा विचारलं, "भैया, इसमें मैदा तो नहीं?" तर तो म्हणाला, "अरे दीदी, व्रत की है, मैदा डालके पाप लेंगे क्या?" म्हटलं चला, पापाच्या भीतीने का होईना, माझं काम झालं.

घरी आणून गरमगरम खाल्ली. दोन मोठे वेढे. डोळे मिटून खाल्ली म्हणा ना. आणि तासाभरात पोटात असा गडगडाट सुरू झाला की शेजारच्या खोलीत नवऱ्याला ऐकू आला. पोट ढोलासारखं टम्म, कळा, आणि मग बाथरूमच्या फेऱ्या. गंमत म्हणजे हे असलं काही मला पोळी खात असताना कधीच झालं नव्हतं! गहू खाऊन पोट गप्प आणि गहू सोडून पोट बोलतंय. सासूबाई म्हणाल्या, "हे काय उलटंच होऊन राहिलं गं?"

अर्थात पहिला संशय मैद्यावरच गेला. दुकानदार खोटं बोलला, आरारूटमधे भेसळ असेल, कढई तीच असेल. म्हणून पुढच्या वेळी बाहेरचं काहीच नको म्हणून घरी खवा आणून त्याचे पेढे केले, वेलची आणि साखर, बास. तरी तेच. मग एका लग्नात (रिसेप्शनला माझ्यासाठी खाण्यासारखं दुसरं काही नव्हतंच) रबडी खाल्ली, परत तेच. आणि एकदा रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत शिकंजी. बाहेरगावच्या लोकांना शिकंजी म्हणजे लिंबूपाणी वाटतं, आपली इंदूरची शिकंजी दुधाची, घट्ट, केशर आणि सुकामेवा घातलेली, चमच्याने खावी अशी. ती पिऊन राजवाड्यापर्यंत चालत येईस्तोवर माझी जी काही अवस्था झाली ती इथे लिहीत नाही.

सगळ्यात दूध होतं हे लक्षात यायला तसं कोणा पंडिताची गरज नाही, पण दूध मी जन्मभर पीत आले होते, चहात, कॉफीत, रात्री हळद घालून, म्हणून तिकडे बोट दाखवायला मनच धजत नव्हतं. शेवटी तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले गोडाने नाही, लॅक्टोजने होतंय, आणि नवीन पेशंटमधे हे नेहमीचंच आहे.

कारण असं. छोट्या आतड्याच्या आतल्या भिंतीवर बारीक बारीक बोटांसारखे उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात, अन्न शोषून घ्यायचं काम त्यांच्यावर. सिलियाकमधे ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच त्यांच्यावर हल्ला करतं आणि ते झिजून सपाट होतात, जुन्या टर्किश टॉवेलची लव झडून नुसतं कापड उरावं तसं. आता दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती पचवायला लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं, आणि ते तयार होतं नेमकं या उंचवट्यांच्या टोकाला. टोकंच झिजली तर लॅक्टेज कुठून येणार? मग न पचलेलं लॅक्टोज तसंच मोठ्या आतड्यात जातं, जाताना पाणी ओढून घेतं, आणि तिथले बॅक्टेरिया त्याच्यावर ताव मारून गॅस करतात. गडगडाट तोच. साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांच्या आत सुरू होतो. म्हणजे माझं आतडं तेव्हा दुरुस्तीला नुकतंच लागलं होतं आणि मी त्याच्यावर खव्याचा डोंगर टाकत होते.

मग आधी का नाही झालं? तर आधी मी दिवसाला दोन-तीन चहा-कॉफी, वाटीभर दही आणि कधी रात्री हळदीचं दूध एवढंच घेत होते, ते कसंबसं निभावत होतं. गहू गेल्यावर गोडाची सगळी हौस मी दुधाच्या मिठाईवर वळवली. बिस्किट नाही तर पेढा, लाडू नाही तर बर्फी. लॅक्टोज कमी पचणाऱ्या बऱ्याच लोकांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत म्हणजे साधारण एक कप दूध त्रास न होता चालतं असं सांगतात, आणि मी त्याच्या कितीतरी पुढे गेले होते हे मला खवा आटवताना कळलं.

ते दाखवतेच. एका रविवारी सासूबाई म्हणाल्या बाजारच्या खव्याचा भरवसा नाही, घरी आटवू. एक लिटर म्हशीचं दूध, जाड बुडाची कढई, आणि उलथनं घेऊन आम्ही दोघी आळीपाळीने उभ्या. दूध उकळलं की कडेला साय चिकटते ती खरवडून आत ढकलायची, बुडाला लागू द्यायचं नाही, मधेच फोन वाजला तरी सोडून जायचं नाही. बराच वेळ वाटतं काही होतच नाहीये, नुसतं दूध आहे, मग एकदम रबडीसारखं होतं, मग बुडबुडे जाड होऊन फटफट अंगावर उडायला लागतात (माझ्या मनगटावर डाग आहे अजून), आणि मग अचानक सगळं कडा सोडून एका गोळ्यात येतं. तो गोळा काट्यावर ठेवला तर सव्वादोनशे ग्रॅम. लिटरभर दुधातलं पाणी उडालं, पण साखर कुठे उडते? लिटरभर दुधात पन्नासेक ग्रॅम लॅक्टोज असतं, ते सगळं त्या मुठीएवढ्या गोळ्यात. म्हणजे खव्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा नुसतं लॅक्टोज. किलोत चाळीसेक पेढे बसतात असं धरलं तर चार पेढे म्हणजे मोठा ग्लासभर दूध, आणि चार पेढे खाताना कोणाला वाटतं का की आपण ग्लासभर दूध पितोय? गप्पा मारता मारता जातात ते.

बरं, दुधाचं सगळंच वाईट असंही नाही, ही त्यातली सगळ्यात आनंदाची बातमी. तुपात लॅक्टोज नावालाच. पनीर किंवा छेना करताना जे पाणी निघतं त्याच्याबरोबर बहुतेक लॅक्टोज वाहून जातं. आणि आपलं श्रीखंड! दह्याला लावलेलं विरजण थोडं लॅक्टोज आधीच खातं, मग फडक्यात बांधून रात्रभर टांगलं की उरलेल्यातलं बरंचसं पाण्यातून ठिबकून जातं, खाली राहतो चक्का. त्यामुळे ज्या काळात पेढ्याचा एक तुकडा चालत नव्हता तेव्हा अर्धी वाटी श्रीखंड मला व्यवस्थित पचत होतं, आणि हे बघून घरच्यांची खात्रीच पटली की ही नाटकं करते. श्रीखंड दुधाचं नाही का? आहे ना. पण टांगलेलं आहे. छेन्याच्या मिठाईत एक भानगड अशी की रसगुल्ला फुटू नये म्हणून काही ठिकाणी त्यात थोडा रवा किंवा मैदा घालतात, म्हणजे लॅक्टोजमधून सुटलो आणि गव्हात अडकलो. तो विचारूनच घ्यायचा.

दूध थांबवल्यावर पोट शांत झालं. पण मग दुसरी गंमत सुरू झाली.

दूध नाही, गहू नाही, तर मी वळले तांदूळ-साबुदाण्याच्या गोडाकडे. नारळाच्या दुधातली साबुदाण्याची खीर, तांदळाच्या पिठीचे घावन गुळाबरोबर, उकडीचे मोदक (गणपतीची वाट न बघता), आणि ऑनलाइन मागवलेली महागडी ग्लुटेन-फ्री बिस्किटं. यांनी पोट नाही बिघडलं, पण खाल्ल्यावर अशी गुंगी यायची की ऑफिसमधे डोळे उघडे ठेवणं मुश्किल, आणि दोनेक तासांनी एकदम हातपाय थरथरल्यासारखे, घाम, आणि राक्षसासारखी भूक. आधी वाटलं अशक्तपणा. मग लक्षात आलं की हे फक्त गोड खाल्लेल्या दिवशी होतं, भाकरी-भाजी-आमटी जेवलेल्या दिवशी नाही.

यामागचं गणित तसं सरळ आहे. गहू काढल्यावर त्याच्या जागी जे येतं ते बहुतेक वेळा शुद्ध स्टार्च असतं, तांदळाची बारीक पिठी, बटाट्याचा स्टार्च, टॅपिओका (कसावा कंदाचा स्टार्च). साबुदाणा म्हणजे तरी काय, टॅपिओकाच, त्यात फायबर आणि प्रोटीन नावालाच. हे भराभर पचून रक्तातली साखर भराभर चढवतं, वर गूळ किंवा साखर असतेच, मग शरीर इन्सुलिन सोडतं आणि साखर तितक्याच वेगाने खाली येते, आणि ती थरथर तेव्हाची. ग्लुटेन-फ्री बिस्किटांच्या पाकिटाची मागची बाजू वाचली की कळतं, ग्लुटेन चिकटपणा देतं ते नाही म्हणून तिथे डिंकासारखा गम असतो, आणि चव आणि खुसखुशीतपणा यावा म्हणून साखर आणि फॅट भरपूर. ग्लुटेन-फ्री लिहिलं म्हणजे हेल्दी असं काही नाही, मैद्याच्या बिस्किटाची ती फक्त श्रीमंत मावशी.

हे असं कोणाला होत असेल तर उगाच माझं वाचून गप्प बसू नका, साखर तपासून घ्या. सिलियाक आणि टाइप वन डायबिटीस हे दोन्ही एकाच माणसात सापडायचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त असतं. माझी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर तपासली, ठीक निघाली. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी टेस्ट) मात्र जरा वर दिसत होतं आणि मी घाबरले, तर डॉक्टर म्हणाले लोह कमी असताना ते उगाच थोडं वर दिसू शकतं, लोह भरलं की परत करू. लोह भरलं, परत केलं, उतरलं.

उपाय काय केला तर रिकाम्या पोटी गोड बंद. चार वाजता चहाबरोबर खीर खायची त्याऐवजी जेवणात, वरण-भाजी पोटात गेल्यावर, लहान वाटी. आणि नुसत्या पिठीऐवजी ज्यात डाळ, दाणे, तीळ आहेत असं काही. बेसनाचा लाडू, तिळाची वडी, दाण्याची चिक्की, खोबऱ्याची वडी. एवढ्याने ती थरथर गेली म्हणजे गेलीच.

तिसरा प्रकार शुगर-फ्री काजूकतलीचा. दिवाळीत कोणीतरी प्रेमाने आणून दिली, म्हणे तुला सगळंच बंद आहे ना तर ही घे, यात काहीच नाही. काहीच नाही कसं, त्यात साखरेऐवजी माल्टिटॉल होतं. हे माल्टिटॉल, सॉर्बिटॉल वगैरे पॉलिऑल लोक चांगल्या पोटाला पण नीट पचत नाहीत, जास्त खाल्लं की जुलाब होतात, आणि तसं पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं पण असतं. झिजलेल्या आतड्याला तर विचारूच नका. मधुमेही माणसाने काय करायचं ते त्याचं तो जाणे, पण नव्याने ग्लुटेन सोडलेल्याने शुगर-फ्री मिठाईच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्यापेक्षा खऱ्या साखरेची एक वडी परवडली.

इथे जरा विषयांतर करते कारण मला ही गोष्ट फार आवडते. गव्हामुळे हे होतं हे कळायच्या आधी, म्हणजे १९२४ साली, न्यूयॉर्कचे सिडनी हास नावाचे डॉक्टर या आजाराच्या मुलांना केळ्यांवर ठेवायचे. ब्रेड, बटाटे, धान्यं बंद आणि केळी भरपूर. मुलं सुधारायची, आणि श्रेय सगळं केळ्याला! खरं म्हणजे ब्रेड बंद झाला हे त्यातलं औषध होतं. पुढे हॉलंडमधे विलेम डिके यांना गव्हावरच संशय होता, दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिकडे ब्रेडचा दुष्काळ पडला तेव्हा अशी मुलं बरी राहिली, आणि १९५० मधे त्यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचा संबंध मांडला. हे वाचल्यावर मी उत्साहाने बुऱ्हाणपूरची छान पिकलेली केळी आणली आणि शिकरण केलं. शिकरणात दूध असतं. असो. आता नारळाच्या दुधात करते, आईला ते अजिबात पसंत नाही, ती त्याला शिकरण म्हणायलाच तयार नाही.

चौथी गोष्ट त्रासाची नाही पण विचित्र आहे. काही महिन्यांनी गोड जास्तच गोड लागायला लागलं. आधी मी काजूकतलीचे तीन-चार तुकडे सहज खायचे, आता एकात तोंड मिटतं. चहातली साखर आपोआप अर्धी झाली. सिलियाकमधे झिंक पण नीट शोषलं जात नाही आणि झिंक कमी असलं की जिभेची चव मंदावते, त्यामुळे आतडं भरत आलं तशी चव परत आली असेल, असं मी धरून चालले आहे. त्याच सुमारास वजन पण वाढलं. इतकी वर्षं अन्न शोषलंच जात नव्हतं, आता जातंय, आणि मी मात्र जुन्याच मापाने खात होते. ज्या बायका मला "किती बारीक गं तू, आम्हाला पण सांग" म्हणायच्या त्याच आता "सुटलीस हं" म्हणतात. अहो ताई, रक्त वाढलंय ते बघा ना.

मधे मधे खरोखरचं ग्लुटेन पण पोटात जातंच, ते लपून बसतं. उडदाच्या डाळीची इमरती बघून मी केवढी हरखले होते, डाळीची आहे, जलेबीसारखीच आहे! पण कारागिराकडे नीट बघितलं तर त्याच कढईत आधी जलेबीचा घाणा निघाला होता आणि त्याच पाकात दोन्ही बुडत होत्या. मुगाच्या हलव्यात भाजताना काही जण थोडा रवा टाकतात. बेसन गिरणीतून आणलं तर आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू त्यात येतोच, त्यामुळे मी आता डाळ आणून घरच्या मिक्सरमधे दळते, जरा जाडसर राहतं पण लाडवाला तसंच बरं. आणि गोडाचा विषय नाही तरी सांगते, पोह्यांवरचं जिरावण (आपला इंदुरी मसाला) आणि शेव दोन्हीत हिंग असतो, आणि बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, डबीच्या मागे लिहिलेलं असतं, वाचा. आपल्याकडे एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम असा की ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको. मिठाईच्या दुकानात सुटी मिळणाऱ्या बर्फीवर असं काही लिहिलेलं नसतं, तिथे फक्त समोरच्याच्या शब्दावर. "शुद्ध मावा है भाभीजी" हे उत्तर ऐकून आता मी एवढंच विचारते की काटा आणि चिमटा कुठला वापरता, तोच बालूशाहीला वापरता का. तेव्हा ते माझ्याकडे बघतात ते बघण्यासारखं असतं.

या सगळ्यात डोक्याला सगळ्यात जास्त ताप लोकांचा. आतडी समजूतदार असतात हो, थोडा वेळ दिला की ऐकतात. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "आधी म्हणालीस गव्हाने होतं, मग म्हणालीस दुधाने, आता साबुदाण्याने पण. अगं मग हे सगळं मनाचंच नाही का?" काही जण दुसऱ्या टोकाला, की बघ, गहू सोडूनही पोट बिघडतंच ना, मग कशाला सोडतेस, खा पोळी. हा सल्ला मात्र खतरनाक आहे, आणि मी ऐकलंय की काही जण याच कारणाने परत गव्हावर गेले. पेढ्याने पोट बिघडलं तर ते दोन तासांचं दुखणं, आतड्याला त्याने इजा होत नाही. गव्हाने दुखो न दुखो, आतडं झिजतंच. माझं तर पोळीने कधी दुखतही नव्हतं. दोन्हीला एका पारड्यात टाकता येत नाही, आणि हे मला आत्याबाईंना जेवणाच्या पंगतीत वरण वाढता वाढता समजवावं लागलं, त्यांना किती पटलं कोण जाणे, पण त्यांनी माझ्या पानात शिरा वाढला नाही एवढं खरं.

दूध परत कधी सुरू करायचं याला ठरलेली तारीख नसते. आतडं भरून यायला मुलांना कमी वेळ लागतो, मोठ्यांना काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही. मी आधी चक्का, मग ताक, मग दही, मग चहातलं दूध, असं हळूहळू वाढवत गेले, एका वेळी एकच नवीन गोष्ट आणि ती पण जेवणाबरोबर, म्हणजे बिघडलं तर कशाने ते कळावं. दरम्यान टीटीजीचा आकडा पण उतरत गेला. आता अर्धा कप बासुंदी पचते. खवा सगळ्यात शेवटी घेतला, पेढा सध्या एक, तोसुद्धा चांगल्या दुकानातला असेल तरच, उगाच कोणाच्या बारशाचा कोरडा पेढा खाऊन पोटाची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

या दिवाळीचं ठरलंय. अनारसे मी करणार, ते मुळातच तांदूळ, गूळ आणि खसखशीचे, तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत वाळवून दळायचे, यंदा गूळ जरा कमी घालून बघणार आहे कारण मागच्या वेळी तुपात टाकल्याबरोबर हसले, म्हणजे विरून पसरले. बेसनाचे लाडू पण माझेच. करंज्या आणि शंकरपाळी सासूबाई करतील, घरात बाकीच्यांनी काय पाप केलंय, पण त्यांचा मैदा माझं सगळं तळून, डबे बंद होऊन माळ्यावर गेल्यावरच ओट्यावर येईल, आणि पोळपाट-लाटणं त्यांचं वेगळं. हे त्यांनीच सुचवलं, मी नाही.